आडवा कापलेला पुठ्ठा

अक्कांना आयुष्यात एकही कल्पना सुचली नाही, अशी आमच्या कारखान्यात सगळ्यांची खात्री होती. सगळ्यांत जास्त खात्री माझी. हे लिहिताना लाज वाटते आहे. पण लाज वाटते म्हणूनच लिहायला बसलो आहे, तेव्हा आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही.

कारखाना खोक्यांचा. पन्हळी पुठ्ठ्याची खोकी: साबणाची, बुटांची, बिस्किटांची, पंख्यांची. खाली मशीन धडधडत असायचं, वर मालकीणबाईंचं ऑफिस, आणि दोन्हींच्या मध्ये, लोखंडी जिन्याच्या वळणावर, नमुन्यांची खोली. कुठलंही खोकं हजारांनी निघण्याआधी त्याचा एक नमुना हातानं कापून, घड्या पाडून, चिकटवून बघावा लागतो. ते काम अक्कांचं. एकतीस वर्षं त्या त्याच एका टेबलाशी उभ्या होत्या. टेबलावर सुरीच्या इतक्या रेघा पडल्या होत्या की त्याला कधीकाळी रंग होता हे सांगूनही खरं वाटलं नसतं.

अक्का बुटक्या, अंगानं रुंद, घट्ट अंबाडा, चष्मा दोरीनं गळ्यात. बोलणं बेताचं. कुणी काही विचारलं की आधी हातातली घडी पुरी करायच्या आणि मग उत्तर द्यायच्या. तोवर विचारणारा निम्मा चिडलेला असायचा. मी तर पुरताच चिडायचो, कारण मला उत्तरं लगेच लागत. मी नव्या रचनांचा प्रमुख होतो. पदवी होती, इस्त्रीचे सदरे होते, आणि कारखान्यात मला 'आयडियावाले साहेब' म्हणत. ते कौतुक आहे असं मी धरून चाललो होतो. त्यात टवाळी किती होती हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

मालकीणबाईंनी वडिलांच्या मागे कारखाना हातात घेतला तेव्हा त्यांनी एक फळा लावला होता. दर सोमवारी सगळ्यांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटायच्या, प्रत्येकानं नवी कल्पना लिहायची. ज्याच्या सगळ्यांत जास्त, त्याचा फोटो महिनाभर फळ्यावर. अकरा महिन्यांत आठ वेळा माझा फोटो. अक्कांची चिठ्ठी मात्र कोरीच परत यायची. एकदाच त्यांनी काहीतरी लिहिलं. बाईंनी उत्सुकतेनं मोठ्यानं वाचलं: "गोदामाचं दार नीट लावत जा, पुठ्ठा दमट होतो." सगळे खो-खो हसले. अक्काही हसल्या. दार त्या आठवड्यापुरतं नीट लागलं.

माझ्या कल्पना कोणत्या, तेही सांगतो, म्हणजे हिशेब एकतर्फी व्हायला नको. साबणाचं एक खोकं मी फुलासारखं उघडणारं केलं होतं. दिसायला देखणं, पण बंद करायला दोन बायका आणि चार मिनिटं लागायची. बुटांचं एक खोकं तिकोनी केलं. ते चार थरांवर रचलं की पाचव्याला सगळं गडगडत खाली. अक्का नमुना करून माझ्यासमोर ठेवायच्या, तो दोन्ही बाजूंनी फिरवून बघायच्या आणि म्हणायच्या, "छान दिसतंय, साहेब. ह्याच्यावर दुसरं कसं ठेवायचं?" मला वाटायचं, काय ही बाई! एवढं नवं काही डोळ्यांसमोर आहे आणि हिला रचायची पडली आहे. नवं म्हणजे कल्पक, एवढं साधं माझं गणित होतं. ते नवं कुणाला हवं आहे का, हा प्रश्न मला अरसिकपणाचा वाटे.

त्यांच्या टेबलाखाली फुटक्या खोक्यांचा ढीग असायचा. मालाचे ट्रक परत आले की अक्का ड्रायव्हरांना गाठायच्या. "फाटलेलं, चेपलेलं काही असलं तर टाकू नका हो दादा, मला आणून द्या." ड्रायव्हर आणायचे. अक्का त्यावर खडूनं तारीख घालायच्या, कुठून फाटलं ते बोटानं चाचपायच्या आणि खाली सरकवायच्या. कारखान्यात त्याला 'अक्कांचा दवाखाना' म्हणत. हे नाव मीच पाडलं होतं. त्याचा मला अभिमानही होता.

एकदा त्या आजारी असताना एक नमुना घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो होतो. इस्त्रीच्या दुकानावर दोन खोल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात त्या आणि त्यांची नणंद. दोघींचं खिडकीवरून भांडण चालू होतं, उघडी ठेवायची की बंद. नणंदबाईंनी मला पाणी दिलं आणि वहिनीची तक्रार सुरू केली. "ही घरातल्या डब्यांचीसुद्धा झाकणं मापते, साहेब. मी मेले तर माझंही खोकं स्वतःच कापील आणि वर म्हणेल, जरा आखूड झालं." अक्का पांघरुणातून म्हणाल्या, "आखूड नाही होणार. तुम्ही पाय दुमडून झोपता." मी हसलो. पण परत येताना मला उगीचच वाटलं, ह्या बाईला सुट्टी मानवत नाही. तिचे हात पांघरुणाच्या काठाला एकसारख्या घड्या घालत होते.

आता त्या आठवड्याकडे येतो.

सोमवारी बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, एका औषध कंपनीची मोठी ऑर्डर येऊ घातली आहे. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, एका खोक्यात बारा. बाटलीची काच त्यांनी नवी घेतली होती, पातळ, आणि आधीच्या तीन कारखान्यांची खोकी तिच्यापुढे नापास झाली होती. शनिवारी अकरा वाजता त्यांचा माणूस स्वतः येणार आणि आमचं खोकं दहा वेळा पाडून बघणार: एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहादा सपाट बाजूंवर. एक बाटली तडकली तरी रामराम. आणि ही ऑर्डर गेली तर खालची दुसरी पाळी बंद करावी लागेल, हे बाई बोलल्या नाहीत, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट, नमुने कापायचं कॉम्प्युटरचं मशीन पुढच्या महिन्यात येणार. त्यासाठी नमुन्यांच्या खोलीतलं टेबल काढायचं.

"अक्कांच्या हाताला तोड नाही," बाई मला म्हणाल्या. "पण हात आता मशीनला असतील. मला डोकं हवंय. ते तुमचं आहेच."

अक्का दारात उभ्या होत्या. हातात दोन नमुने. बाई ओशाळल्या. "अक्का, तुम्हाला कमी कोण करतंय? खाली बांधणीत घेऊ तुम्हाला. पट्ट्या मारायच्या, शिक्का मारायचा. डोक्याला ताप नाही."

अक्कांनी नमुने टेबलावर ठेवले, एकमेकांना समांतर केले, आणि मग म्हणाल्या, "बाई, शनिवारच्या खोक्यात माझं काही चाललं तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या डोक्यातलं काही. तर टेबल राहील?"

बाईंना गंमत वाटली असावी. पण त्या वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तर राहील. मशीन शेजारी मांडू. शब्द देते."

जिन्यात अक्कांनी मला थांबवलं. एकतीस वर्षांत त्या स्वतःहून एवढं बोलल्याचं कुणी ऐकलं नसेल. "साहेब, ते टेबल गेलं ना, तर मला काही सुचायचं नाही. मला डोक्यानं नाही सुचत. बोटांनी सुचतं. पुठ्ठा हातात धरला की मग." मी म्हटलं, "बघू या, अक्का." मनात म्हटलं, काय सुचलंय आजवर?

मंगळवारी मी पहिलं खोकं केलं. तिप्पट जाड पुठ्ठा. अंगणात जाऊन कोपऱ्यावर पाडलं. दोन बाटल्या फुटल्या. बुधवारी आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे केले. कडांवर टिकलं, कोपऱ्यावर एक फुटली. पुन्हा केलं, पुन्हा फुटली. तीच बाटली, कोपऱ्यातली. गुरुवारी मी बाटल्या तिरप्या ठेवल्या, उलट्या ठेवल्या, एकमेकींच्या कुशीत ठेवल्या. अंगणभर चिकट गोड औषध आणि मुंग्यांची रांग. बाई वरच्या खिडकीतून बघत होत्या. त्या हसत नव्हत्या आणि रागवतही नव्हत्या. आठ महिने फळ्यावर झळकणारा माणूस तीन दिवसांत बारा बाटल्या शाबूत ठेवू शकत नव्हता. मी जितकं मजबूत करत होतो तितका दणका सरळ काचेला जात होता, हे मला दिसत नव्हतं. मी फक्त आणखी वेगळं, आणखी वेगळं करत सुटलो होतो.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत अक्कांनी मला बोलावलं. टेबलावर एक खोकं. बाहेरून अगदी साधं, नेहमीचं. मी उघडून बघितलं आणि माझं डोकं फिरलं.

"अक्का, हे काय? पुठ्ठा आडवा कापलाय!"

हे समजून घ्यायला हवं. पन्हळी पुठ्ठ्याच्या दोन कागदांमध्ये नागमोडी कागद असतो, त्या पन्हळी. खोक्यात त्या नेहमी उभ्या हव्यात, म्हणजे वजन पेलतात. आडव्या झाल्या की पुठ्ठा बसतो, चेपतो. पुठ्ठा आडवा कापणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यांत मोठं पाप. नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगतात आणि पहिली शिवीही ह्यावरूनच खायला मिळते.

"सगळा नाही, साहेब," अक्का म्हणाल्या. "बाहेरचं खोकं उभंच आहे. आतल्या कप्प्यांचे आठही कोपरे मी छाटलेत. तिथं ह्या पट्ट्यांच्या घड्या बसवल्यात. तेवढ्याच आडव्या."

"चेपतील त्या!"

"चेपायलाच हव्यात."

आम्ही अंगणात गेलो. अक्कांनी ते खोकं दोन्ही हातांनी कोपऱ्यावर तोलून धरलं आणि सोडलं. धप्प असा मऊ आवाज आला. कोपरा आत गेला, बसलेल्या नाकासारखा. मी उघडलं. बारा बाटल्या. मी त्या मोजल्या, उजेडात धरून बघितल्या, पुन्हा मोजल्या. बारा.

"कसं सुचलं?" माझ्या आवाजात कौतुक कमी आणि घबराट जास्त होती.

खोलीत परत आल्यावर अक्कांनी टेबलाखालून एक जुनं, चेपलेलं खोकं ओढून काढलं. खडूची तारीख सात वर्षांपूर्वीची. "तेव्हा मला ताप होता. एक पट्टी आडवी कापली गेली. मशीनवरच्या मिस्त्रींनी खूप झापलं. पण खोकं तोवर गेलं होतं. ड्रायव्हरनं परत आणलं तेव्हा कोपऱ्याचा पार चुरा, आणि आतला कंदील जसाच्या तसा. मी म्हटलं, हे कसं? तेव्हापासून फुटकी खोकी गोळा करते. जिथं कोपरा ताठ राहिला तिथं आतलं फुटलं. जिथं कोपरा मेला तिथं आतलं वाचलं. नेहमीच असं नाही, पण बहुतेक वेळा."

"म्हणजे चुकून झालं होतं," मी म्हटलं. खरं सांगतो, मला त्यातून सुटका हवी होती. चुकून झालेल्याला कल्पना कशी म्हणायची, असा मुद्दा मी मनात मांडायलाही लागलो होतो.

"चुकून तर झालंच," अक्का शांतपणे म्हणाल्या. "पण ठेवून मी मुद्दाम दिलं."

नियमाप्रमाणे नमुना माझ्या हातून वर जायचा. मी तो घेऊन जिना चढलो. आता जे सांगतो त्यात माझ्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की मी काही ठरवून गेलो नव्हतो. वर बाई खिडकीशीच उभ्या होत्या. त्यांनी अंगणातलं सगळं बघितलं होतं. मी तोंड उघडायच्या आत त्या पुढे आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "केलंत तुम्ही! मला माहीत होतं!" त्या वेळी एक वाक्य पुरे होतं. पाच शब्दांचं. मी म्हटलं, "अजून उद्याचं उद्या बघू." आणि ते वाक्य खोटं नव्हतं, म्हणून मला रात्री झोपही लागली.

शनिवारी अकराला काचवाले आले. औषध कंपनीच्या त्या माणसाला आम्ही काचवालेच म्हणायचो. किडकिडीत गृहस्थ, पाणी विचारलं तर नको, बसा म्हटलं तर उभे. पाडायला स्थिर हात हवा म्हणून बाईंनी अक्कांना वर बोलावलं होतं. त्या एका बाजूला उभ्या राहिल्या, पदर खोचून. माझ्याकडे त्यांनी एकदा बघितलं. त्यांची समजूत होती की बाईंना मी सांगितलेलं आहे. मला ते दिसलं आणि मी चष्मा पुसायला घेतला.

कोपऱ्यावर एक. धप्प. काचवाल्यांनी खोकं कानाशी नेऊन हलवलं. कडांवर तीन. मग सपाट, एक, दोन, तीन. खाली मशीन बंद पडलं होतं, की बायकांनी मुद्दाम बंद केलं होतं, कोण जाणे. चार, पाच. सहाव्या वेळी अक्कांनी क्षणभर डोळे मिटले आणि खोकं सोडलं.

काचवाल्यांनी खोकं उघडलं. एकेक बाटली काढून खिडकीपाशी नेली. बाराव्या बाटलीला त्यांनी फार वेळ घेतला. मग ती बाकीच्या अकरांशेजारी टेबलावर ठेवली आणि पहिल्यांदाच नीट आवाजात म्हणाले, "हं. ही कल्पना कोणाची?"

"आमच्या साहेबांची," बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

अक्कांच्या हातात रिकामं खोकं होतं. त्या ते मिटवत होत्या. हात थांबले.

काचवाले माझ्याकडे वळले. "कोपऱ्यातली जागा दोन बोटं आहे. दोनच का? एक का नाही, तीन का नाही?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "म्हणजे, एकंदर रचनेचा तोल बघता…" आणि पुढे काही सुचेना. माझ्यासारख्या माणसाला, ज्याला आठवड्याला वीस कल्पना सुचत! काचवाल्यांनी भुवया चढवल्या. "काच का वाचली हे ज्याला सांगता येत नाही, त्याला ती कधी फुटेल हेही सांगता येणार नाही. मला महिन्याला चाळीस हजार खोकी लागतील. सगळी काही ह्या बाई पाडणार नाहीत." त्यांनी पेन खिशात ठेवलं. बाईंचा चेहरा पांढरा पडला.

"एक बोट ठेवलं तर दणका बाटलीपर्यंत पोचतो," अक्का म्हणाल्या. हातातलं खोकं त्यांनी टेबलावर ठेवलं. "तीन ठेवली तर आतलं सैल होतं, बाटल्या एकमेकींवर आपटतात. आणि खोकं मोठं होतं, मग ट्रकमध्ये एका ओळीला एक कमी बसतं. दोनमध्ये पट्टी पुरती चेपते आणि तिथंच थांबते. आडवी कापलीय म्हणून चेपते. उभी असती तर ताठ राहून काचेलाच टोचली असती."

काचवाले त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले. "तुम्हाला हे कसं माहीत?"

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, विनवणीनंही नाही. पूर्वी मी काही विचारलं की मला थांबावं लागे, आज त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या. सोमवारी बाईंनी दिलेला शब्द मला ठाऊक होता. त्या टेबलाचं काय होणार ते माझ्या एका वाक्यावर होतं, आणि माझं काय होणार तेही. मी पुन्हा चष्मा पुसायला घेतला. कितीतरी वेळ गेला. बाई अस्वस्थ होऊन एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघायला लागल्या. काचवाल्यांचा हात दाराकडे निघाला होता.

"साहेबांनीच समजावलं होतं," अक्का म्हणाल्या. "त्यांनी सांगितलं तसं मी कापलं. आता गडबडीत त्यांच्या लक्षात राहिलं नसेल."

काचवाल्यांनी पेन पुन्हा बाहेर काढलं. बाईंनी इतका मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचा कागद हलला. आणि मी, मला सांगायलाही शरम वाटते, मी अक्कांकडे बघून मान हलवली. शाबासकी दिल्यासारखी.

बाई आणि काचवाले सह्या करायला बसल्यावर मी बाहेर आलो. अक्का जिन्यात, नमुन्यांच्या खोलीच्या दाराशी होत्या. त्यांनी आपली सुरी, पोलादी पट्टी आणि काटकोन बघायचा गुण्या एका कापडात गुंडाळायला घेतलं होतं.

"अक्का," मी म्हटलं, "तुम्ही का असं सांगितलंत?"

त्यांनी कापडाची गाठ मारली, आणि मग उत्तर दिलं. "गिऱ्हाइकासमोर तुम्हाला खोटं पाडलं असतं तर ते उठून गेले असते. खाली साठ बायका आहेत. म्हणून." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "आणि मला वाटलं होतं, मी एवढं थांबले, तर तुम्ही बोलाल."

इतकं वाईट मला माझ्या आयुष्यात कशाचंच वाटलं नव्हतं. वरून पावलं वाजली. बाई काचवाल्यांना पोचवायला खाली येत होत्या, दोघं मोकळेपणानं बोलत. सह्या झाल्या होत्या. आता उठून जायला कुणी उरलं नव्हतं. मी जिन्याच्या मधोमध उभा राहिलो, कठडा घट्ट धरला आणि मोठ्यानं म्हणालो, "बाई, ती कल्पना माझी नाही. अक्कांची आहे. सगळी. पहिल्यापासून."

बाई थांबल्या. मग त्यांचा चेहरा असा काही खुलला की मला आधी वाटलं, जिंकलो.

"बघितलंत?" त्या काचवाल्यांना म्हणाल्या. "आमचे साहेब हे असे आहेत. टेबल जातंय म्हणून त्यांच्यासाठी स्वतःचं नाव सोडायला निघालेत."

"नाही, बाई, खरंच सांगतोय. मला दोन बोटं का, तेसुद्धा माहीत नव्हतं. तुम्ही बघितलंत ना!"

"घाबरला होतात तुम्ही. मीही घाबरले होते." त्यांनी माझा हात थोपटला. "आणि अक्का स्वतः म्हणाल्या की, साहेबांनी समजावलं म्हणून. चारचौघांसमोर. आता तुमचं ऐकू की त्यांचं?"

मी शपथ घेतली. मी सात वर्षांपूर्वीच्या कंदिलाचं सांगितलं, तापाचं सांगितलं, टेबलाखालच्या ढिगाचं सांगितलं. जितकं सांगत गेलो तितका मी त्यांच्या नजरेत मोठा होत गेलो. काचवाले, जे पाणीसुद्धा घेत नव्हते, त्यांनी पुढे होऊन माझा हात हातात घेतला. "हल्ली असं कुणी करत नाही," ते म्हणाले.

"अक्का," मी वळून ओरडलोच, "तुम्ही सांगा ना! सांगा ह्यांना कुणाची कल्पना!"

अक्कांनी गुंडाळलेलं कापड छातीशी धरलं होतं. त्यांनी आधी बाईंकडे बघितलं, मग काचवाल्यांकडे. माझ्याकडे नाही. दर सोमवारी कोरी चिठ्ठी परत देणाऱ्या त्या बाईनं मान वर केली आणि स्पष्ट आवाजात म्हटलं, "माझी आहे."

बाईंनी माझ्याकडे बोट नाचवलं. "पढवून ठेवलंत होय त्यांना!"

आणि त्या हसल्या. काचवालेही हसले, मनापासून. मोठी माणसं हसली की हसायचं, ही माझी जुनी सवय. मीही हसतो आहे हे मला तोंड फाकल्यावरच कळलं. अक्का आमच्या तिघांच्या बाजूनं, अंग चोरून, जिना उतरून बांधणीत निघून गेल्या.